साहेबांना सकाळी दहाला काय विचारतात, ते आधी बघा

जळगाव एमआयडीसीत नवीन लागलेली पोरं भेटली की फिरून फिरून एकच विचारतात, "सर, साहेबांना खूश कसं ठेवायचं?" डिप्लोमा झालेला असतो, ट्रेनी म्हणून काही महिने काढलेले असतात आणि शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी साहेबांच्या गाडीतून घरी जाताना दिसलेला असतो. मी त्यांना उलट विचारतो, तुझ्या साहेबांना रोज सकाळी कोण झापतं आणि कशावरून? बहुतेकांना माहीत नसतं.

आपल्याकडचे बरेचसे कारखाने मालकाच्या नजरेखाली चालतात. डाळ मिल घ्या, चटईचा कारखाना घ्या, नाहीतर ठिबकच्या नळ्यांचा. शेठ रोज येतात, त्यांची मुलं येतात. मॅनेजर कितीही जुना असला तरी त्याला केबिनमध्ये हजेरी द्यावीच लागते. मी नळ्या काढणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागलो, तिथे ही हजेरी दहाला असायची. प्रश्न ठरलेले. काल माल किती निघाला, स्क्रॅप किती गेलं, कोणती गाडी अडली, विजेचे युनिट किती पडले. साहेब साडेनऊला यायचे आणि अर्ध्या तासात चार जणांना फोन लावून हे आकडे गोळा करायचे. रात्रपाळीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. मी रोज तेवढ्या चार ओळी एका कागदावर काढून त्यांच्या टेबलावर ठेवायला लागलो. त्यांनी कधी थँक्यू म्हटलं नाही. पण पुढे प्लॅनिंगची जागा रिकामी झाली तेव्हा शेठसमोर त्यांनी माझंच नाव घेतलं, कारण कोणता आकडा कुठून येतो हे मला ठाऊक आहे, हे त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

वाईट बातमीचंही तसंच. रात्री लाइट गेली की एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या मशीनचा, स्क्रू थांबतो आणि माल बॅरलमध्येच थिजतो. लाइट आल्यावर पुन्हा तापवायचं, जळका माल बाहेर काढायचा, नळीची जाडी मापात येईपर्यंतची नळी बाजूला टाकायची. यात ऑपरेटरची काही चूक नसते. तरी नवीन पोरगा घाबरतो आणि सकाळपर्यंत गप्प बसतो. मग गेटमधून आत येताना शेठच्या धाकट्या भाऊंना स्क्रॅपचा ढीग दिसतो, ते साहेबांना विचारतात आणि साहेबांना काहीच ठाऊक नसतं. ओरडा खावा लागतो तो त्या ठाऊक नसण्यापायी. साठ किलो स्क्रॅप त्यांनी सहज समजावून सांगितलं असतं.

माझे मेसेज साधारण असे असायचे: "साहेब, रात्री सव्वादोनला लाइट गेली, चारला आली. तीन नंबर लाइन साडेपाचला चालू. अंदाजे 60 किलो स्क्रॅप. चोपड्याची गाडी दोनऐवजी पाचला भरेल. डीलरला मी सांगू का?" शेवटचा प्रश्न मुद्दाम असायचा. उपाय तयार आहे हे त्यांना कळतं, आणि निर्णय त्यांच्या हातात राहतो. न विचारता परस्पर डीलरला फोन लावणारी हुशार पोरं मी पाहिली आहेत. त्यांचं फार काळ जमत नाही.

काही साहेब मात्र मेसेज उघडतच नाहीत. त्यांना समोर उभं राहून दोन वाक्यांत सांगावं लागतं. काहींना तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत आठवत नाही, त्यांना कागद द्यावा. पहिल्या पंधरवड्यात हे ओळखा.

आता रजा. खान्देशात नोकरी करणाऱ्याचं खरं दुखणं इथे आहे. बागायती कापसाची लागवड मे अखेरीला सुरू होते, केळीचा मृगबाग (पावसाळी लागवड) जून-जुलैत लागतो, म्हणून नळ्यांची सगळी ओढ एप्रिलपासून. आणि नेमकी त्यातच आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, लग्नसराई येते. शेडमधलं ऊन तर विचारूच नका. पारोळ्याकडचा एक मुलगा आखाजीच्या आदल्या संध्याकाळी रजेचा अर्ज घेऊन उभा राहिला. साहेब म्हणाले, "बहीण आखाजीला माहेरी येणार हे तुला आज कळलं का रे भो?" सगळे हसले आणि रजा नाकारली गेली. त्याच लाइनवरच्या दुसऱ्याने होळी झाल्या झाल्या तारीख सांगून ठेवली होती आणि बदल्यात कोण उभा राहील तेही ठरवलं होतं. तो गावी जाऊन सांजोऱ्या खाऊन आला. साहेबांचा लाडका कोणी असेल तर पहिलाच होता, तरीसुद्धा.

लाडकं असण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे गाव, भाऊकी, पाहुणेरावळे यांतून नोकरी लागते आणि साहेब कधीकधी मामांच्या ओळखीतले निघतात. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी होते. काड्यांवर वांगी भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या, साहेब पाटाच्या कडेला बसून अहिराणीत गप्पा मारतायत, "काय चाली ऱ्हायनं?" अशा वेळी पगाराचा विषय काढू नका, सहकाऱ्याची चुगली तर अजिबात नको. जेवा, वाढायला लागा, ऐका. पुढच्या हंगामात नवीन लाइन येणार आहे का, शेठ कुठल्या गोष्टीने हैराण आहेत, हे तिथे आपोआप कानावर पडतं. सोमवारी मात्र पुन्हा "साहेब" आणि "तुम्ही". कारखान्यात "मामा" म्हणणाऱ्याचं काम कुणी मनावर घेत नाही.

पगारवाढीचं बोलणं दिवाळीत करणारे पुष्कळ. बोनस हातात पडतो, शेठ हसतमुख असतात, म्हणून वाटतं हीच वेळ. पण पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो, तुमच्या कामाशी त्याचा संबंध लावू नका. मार्चअखेरीनंतर वाढ ठरणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच बोला, म्हणजे साहेबांना वर मांडायला वेळ मिळतो. "घरभाडं वाढलं" हे कारण ते शेठसमोर मांडू शकत नाहीत. "माझ्या पाळीत स्क्रॅप किती होतं आणि किती झालं, हा महिनावार कागद" हे ते मांडू शकतात. श्रेय त्यांनी थोडं स्वतःकडे घेतलं तर घेऊ द्या. कागदाखाली तुमचं नाव आणि तारीख असली की पुरे.

भुसावळला रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत किंवा सरकारी कचेरीत असाल तर तुमचं पान वेगळं. तिथे साहेब तुमच्या कामाचा वार्षिक मूल्यमापन अहवाल लिहितात, पूर्वी त्याला गोपनीय अहवाल म्हणत. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, चांगली असली तरीसुद्धा. म्हणून नोंद मागा, वाचा आणि पटली नाही तर मुदतीत लेखी म्हणणं द्या. साहेबांशी गोड बोलून हा कागद सुधारेल या भरवशावर राहू नका.

एक जागा अशी आहे जिथे जमवून घ्यायचं नाही. ठिबकच्या नळीला आयएस 13488 हे मानक आहे, आणि ठराविक दाबाला प्रत्येक ड्रिपरमधून (नळीतून थेंब सोडणाऱ्या तोंडातून) पाणी सारखं पडतं का ते तपासावं लागतं. गाडी उभी असते, एखाद्या तपासणीत आकडा बसत नाही आणि कुणीतरी म्हणतं, "लिही रे, कोण बघतंय." लिहू नका. भांडूही नका. "साहेब, आकडा आला तो मी लिहिलाय, माल सोडायचा तर तुमची सही लागेल," एवढं शांतपणे म्हणा आणि थांबा. सही करायची म्हटलं की बहुतेक वेळा गाडीच थांबते. न थांबली, तरी रजिस्टरला आलेला आकडाच तुमच्या अक्षरात असतो.

आणि चाकणला, नाशिकला चांगली संधी मिळाली तर जरूर जा, फक्त नोटीस पीरियड पूर्ण करा. इथले मॅनेजर एकमेकांना ओळखतात, नव्या ठिकाणाहून जुन्या साहेबांना फोन जातोच. जाताना रजिस्टर, चाव्या, अडलेल्या ऑर्डरींची यादी पुढच्याच्या हाती द्या आणि त्याला सांगून ठेवा की दहा वाजायच्या आत चार ओळींचा कागद टेबलावर लागतो.