डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला बाईकने जाताय? या चुका टाळा

लांबच्या, आडबाजूच्या व्ह्यू पॉइंटला बाईकवर जाऊन त्याच दिवशी परत यायचं ठरलं की सगळी तयारी जाण्याचीच होते. वळणं कुठली भारी, फोटो कुठून येतो, कितीला पोचणार वगैरे. उतरायचंही आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं, आणि गडबड बहुतेक वेळा उतरतानाच होते. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

उताराला न्यूट्रल

ही माझी सगळ्यात नावडती चूक. "उतार आहे, गाडी आपोआप पळतेय, न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं." हे ज्ञान कोण वाटत फिरतं कळत नाही पण नवीन माणसाकडे ते हेल्मेटच्या आधी पोचलेलं असतं.

एक तर पेट्रोल वाचत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये गियर टाकलेला असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, कारण तेव्हा मागचं चाकच इंजिन फिरवत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल पीतच राहतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि उलट जास्त जाळलंत.

दुसरं म्हणजे इंजिन गाडीला मागे धरून ठेवत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि लांब उतारावर ती उष्णता जायला जागाच मिळत नाही. लिव्हरचा दाब ब्रेकपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या त्याच ऑइलसाठी ही किमान हद्द १५५ अंशांवर येते. ते उकळलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं अगदी हेच झालं. चढताना मस्त चढला, उतरताना न्यूट्रल टाकून आमच्या पुढे, वर हात हलवून आम्हाला हळूबाई म्हणून चिडवतोय. मी मागून बघत होतो, त्याचा ब्रेक लाईट विझतच नव्हता. दोन वळणांनी जळका वास यायला लागला आणि पुढच्या वळणाच्या आधी त्याने आरडाओरडा सुरू केला. नशीब की त्याने गाडी दरीकडे न नेता डोंगराकडच्या नालीत घातली. गुडघा सोलला, फूटरेस्ट वाकला, गियरचा दांडा आत गेला, एवढ्यावर भागलं. गंमत पुढेच आहे, अर्ध्या तासात डिस्क गार झाली, लिव्हर परत कडक लागायला लागला, तर हा म्हणतो "बघ, झाला ना ठीक, उगाच घाबरवतोस." गियरचा दांडा दगडाने ठोकून सरळ केला आणि त्याला उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्यात उतरवला, पूर्ण वेळ कुरकुरत होता. नंतर ब्रेक ऑइल काढलं तर पार काळपट.

माझी सवय साधी आहे. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, वाटलं तर एक खालचा. ब्रेक वळणाच्या आधी थोडा वेळ नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा, सतत अर्धवट धरून ठेवायचा नाही. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरून वरचा गियर टाकू नका, आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे ना, मग ओरडू दे. आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांना मी फक्त हात जोडतो.

निघायला उशीर, वळायला त्याहून उशीर

सहाचं ठरतं, आठला सगळे जमतात, मग दर वळणावर रील. नकाशा दोन तास दाखवतो पण कच्च्या रस्त्यावर ते गणित चालत नाही. शिवाय डोंगराच्या सावलीतल्या बाजूला अंधार वेळेच्या बराच आधी पडतो, आणि दिवसा झकास दिसणारा हेल्मेटचा काळा व्हायझर तेव्हा निव्वळ डोळ्यांवरची पट्टी होऊन बसतो. मी घरूनच परत फिरायची वेळ ठरवतो आणि चिकटपट्टीवर लिहून टाकीवर लावतो. ती वेळ झाली की पॉइंट समोर दिसत असला तरी मागे फिरायचं. यावरून लोक माझ्यावर चिडतात, चिडू देत.

बाकीच्या, पटापट

टाकी निम्मी झाली की परत फिरायचं हा हिशोब डोंगरात जरा ढिला धरा, कारण चढाला खालच्या गियरमध्ये पेट्रोल जास्त जातं, परत उतरताना कमी. कार्ब्युरेटरची (फ्युएल इंजेक्शन नसलेली) गाडी उंचीवर मरगळते, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते, म्हणून मेकॅनिक बनून रस्त्यात स्क्रू फिरवायला बसू नका.

खाली ऊन आहे म्हणून टीशर्टवर निघू नका, हजार मीटर वर गेलं की सहा-साडेसहा अंश कमी, त्यात वारा वेगळा.

चढावर गाडी बंद पडली तर नुसता पुढचा ब्रेक दाबून बसू नका, वजन मागे गेलेलं असतं, खडीवर पुढचं चाक लॉक होऊनही मागे घसरतं. गियर तसाच ठेवून क्लच हळू सोडा, इंजिनच धरून ठेवतं.

टायरची हवा गार टायरवर बघा, चेन किती सैल आहे ते, मागे कुणी बसणार असेल तर, त्याला बसवून बघा. नकाशा आधीच डाउनलोड करा.

आणि वर पोचल्यावर गाडी उताराकडे तोंड करून साइड स्टँडवर लावू नका, जरा पुढे सरकली की स्टँड मिटतो. तोंड चढाकडे, पहिला गियर, माती भुसभुशीत असेल तर स्टँडखाली चपटा दगड. एकदा हलवून बघा, मग खुशाल काढा फोटो.