टीव्ही आणि गेमिंगसाठी व्हिडिओ केबल कशी निवडावी

केबल मागवण्याआधी टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारून पोर्ट नीट बघा. चार एचडीएमआय पोर्ट असले तरी चारही सारखे असतीलच असं नाही. बऱ्याच टीव्हींमध्ये ४के १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारं ४के चित्र) फक्त एका-दोन पोर्टांवर चालतं आणि ते बहुधा पोर्टशेजारी छापलेलं असतं. टीव्हीचा आवाज साउंडबारला देणाऱ्या पोर्टवर 'एआरसी' किंवा त्याची सुधारित आवृत्ती 'ईएआरसी' असं लिहिलेलं असतं. काही मॉडेलमध्ये ईएआरसी आणि ४के १२० एकाच पोर्टवर येतं. तसं असेल तर तिथे कन्सोल लावायचा की साउंडबार, हे आधीच ठरवावं लागतं. कितीही चांगली केबल आणली तरी हा पेच सुटत नाही.

आता उपकरण किती डेटा पाठवणार ते पाहा. सेट-टॉप बॉक्स किंवा जुना कन्सोल १०८०पी ६० हर्ट्झवर चालत असेल, तर घरात पडलेली कुठलीही धड 'हाय स्पीड' केबल पुरते. ४के ६० हर्ट्झला, ८ बिट आणि पूर्ण रंगांसह, जवळजवळ १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट) लागतात. त्यासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' घ्या. स्ट्रीमिंग स्टिक आणि ४के ब्लू-रे प्लेअरला याहून जास्त काही लागत नाही. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा नवं ग्राफिक्स कार्ड ४के १२० हर्ट्झवर चालवायचं असेल, तर मात्र ४८ जीबीपीएसची 'अल्ट्रा हाय स्पीड' केबलच हवी.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती '२.१ केबल' या शब्दांनी. १.४, २.० आणि २.१ या आवृत्त्या उपकरणांच्या आणि पोर्टांच्या आहेत. केबलची ओळख तिच्या वर्गाच्या नावाने होते. अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या आवरणावर हे नाव छापलेलं असतं, आणि खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पडताळता येतं. खोक्यावर नुसतंच '२.१, ८के' असं ठळक छापलंय आणि लेबल नाही, तर ती केबल परत ठेवा. २०२५ साली आलेल्या २.२ आवृत्तीसाठी ९६ जीबीपीएसची 'अल्ट्रा९६' केबल आहे, पण तेवढा डेटा पाठवणारं उपकरण तुमच्याकडे नसेल तर तिचा फायदा काहीच नाही.

महाग केबलने रंग खुलतात किंवा चित्र जास्त रेखीव होतं, हे खरं नाही. सिग्नल डिजिटल आहे. तो नीट पोचला की चित्र जसं असायला हवं तसंच दिसतं. कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा गंज टाळतो, चित्राला काही देत नाही. केबल कमी पडू लागली की चित्र फिकट होत नाही, तर वेगळीच लक्षणं दिसतात: पडद्यावर बारीक पांढरे ठिपके चमकतात, एक-दोन सेकंद पडदा काळा होऊन परत येतो, किंवा 'नो सिग्नल' येतं. बऱ्याचदा हे फक्त १२० हर्ट्झवर किंवा एचडीआर (उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवणारी सोय) सुरू केल्यावरच होतं.

लांबीत हात आखडता घ्या. तांब्याच्या साध्या केबलमध्ये ४८ जीबीपीएस टिकवणं अंतराबरोबर अवघड होत जातं. ५ मीटरच्या पुढे तसा प्रयत्न करू नका. प्रोजेक्टरसाठी १० किंवा १५ मीटर लागत असतील तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' किंवा 'टीव्ही' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर चित्र येतच नाही. म्हणून भिंतीतल्या पाइपमधून ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून दोन्ही उपकरणांना जोडा आणि हव्या त्या सेटिंगवर अर्धा तास चालवून पाहा. कनेक्टरचं डोकं साधारण २ सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे वळणं असलेल्या अरुंद पाइपात ते अडकतं. पाइप मोठाच घाला आणि आत एक जादा दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलता येईल.

टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर केबल पोर्टपाशी काटकोनात दाबली जाते. एचडीएमआयला खटका नसल्याने केबलच्या वजनानेही कनेक्टर हळूहळू सैल होतो. अशा जागी काटकोनी कनेक्टर घ्या, पण वर वळणारा हवा की खाली, हे आधी पाहून घ्या.

पीसी आणि मॉनिटरची जोडी असेल तर आमची पहिली पसंती एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट या वेगळ्या जोडणीला. १४४०पी १४४ हर्ट्झ डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीवरही चालतं. ४के १४४ हर्ट्झ १० बिट १.४ वर चालवायचं तर कार्ड आणि मॉनिटर दोघांतही डीएससी कॉम्प्रेशन (चित्राचा डेटा दाबून पाठवण्याची सोय) लागतं, आणि केबल 'डीपी८के' प्रमाणित असलेली बरी. हलक्या दर्जाच्या काही केबलमध्ये विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. तिच्यातून मॉनिटरची वीज ग्राफिक्स कार्डात उलटी शिरते आणि पीसी सुरू व्हायला कुरकुर करतो. केबल काढताना कनेक्टरवरचं बटण दाबा. ओढलीत तर पोर्ट तुटेल.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही. कन्सोल डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला जोडायचा तर वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. यूएसबी-सीचंही असंच: लॅपटॉपच्या त्या पोर्टवर डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याची सोय) असायला हवा, आणि फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलमध्ये व्हिडिओसाठीच्या तारा बहुधा नसतातच.

जोडल्यावर टीव्हीतली सेटिंग उघडा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' शोधा आणि त्या पोर्टसाठी वरचा पर्याय निवडा. हे राहून गेलं की लोक उगाच केबल बदलत बसतात. मग प्लेस्टेशनवर 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन', एक्सबॉक्सवर '४के टीव्ही डिटेल्स' आणि विंडोजवर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' पाहा. विंडोज अनेकदा १४४ हर्ट्झचा मॉनिटरही ६० वरच ठेवतं. तो आकडा हातानेच बदलावा लागतो.

तरीही पडदा मधूनच काळा होत असेल तर १२० वरून ६० हर्ट्झवर या. तेवढ्याने थांबलं तर अडचण बँडविड्थची आहे. मध्ये एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज देऊन चित्र टीव्हीकडे पाठवणारं यंत्र) असेल तर तो काढून कन्सोल थेट टीव्हीला जोडा. जुना रिसीव्हर १८ जीबीपीएसचाच असला की पुढची-मागची केबल कितीही भारी असो, सगळी साखळी तिथेच अडते. अशा वेळी कन्सोल टीव्हीला आणि आवाज ईएआरसीमधून रिसीव्हरला द्यावा, पण त्यासाठी रिसीव्हरलाही ईएआरसी हवा; नुसत्या एआरसीवर डॉल्बी ट्रूएचडीसारखा लॉसलेस आवाज जात नाही. आणि गेम व्यवस्थित चालतो पण चित्रपटाचं अ‍ॅप उघडलं की पडदा काळा होतो, असं असेल तर केबलला दोष देऊ नका. तिथे एचडीसीपीचं कॉपी-संरक्षण अडतंय. ४के चित्रपटांना साखळीतल्या प्रत्येक उपकरणात एचडीसीपी २.२ लागतं.