जंगलाची किंमत काढताय? साठा आणि प्रवाह आधी वेगळे करा

वनमूल्यांकनाचा प्रबंध घेणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलामुलींची एक सोय आहे. ठाण्याच्या येऊर डोंगरावरचं पानझडी जंगल आणि ठाणे खाडीची खारफुटी दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही बरेच जण परदेशी अभ्यासातले हेक्टरी दर उचलतात, आपल्या क्षेत्रफळाला गुणतात आणि मोकळे होतात. असा प्रबंध तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

क्षेत्रफळ घेतानाच डोळे उघडे ठेवा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान एक हेक्टरचा आणि १० टक्के छत्र (झाडांच्या पानोऱ्याने झाकलेली जमीन) असलेला कुठलाही तुकडा वनाच्छादनात येतो, मग मालक कोणीही असो. म्हणजे आंब्या-चिकूची बागही आली. २०२३ च्या अहवालातले देशाचे २१.७६ टक्के याच अर्थाने वाचायचे. सरकारी दप्तरी नोंदलेलं वनक्षेत्र हा निराळाच आकडा. ठाणे जिल्ह्याच्या वर्षवार आकड्यांची मालिका लावताना तर जास्तच जपा: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या आकड्यांत जव्हार, मोखाडा, डहाणू धरलेले आहेत. त्या वर्षानंतर आलेखात दिसणारी घसरण जंगलतोडीची नाही.

आता खरा खड्डा. जंगलात आज जे उभं आहे तो साठा, आणि वर्षभरात ते जे देतं तो प्रवाह. समजा हेक्टरी १०० टन कार्बन साठलेला आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजायला ३.६७ ने गुणा (४४ भागिले १२), म्हणजे ३६७ टन. टनाला १,००० रुपये धरले तर ३,६७,००० रुपये. हा साठा झाला. त्याच हेक्टरात वर्षाला १ टन कार्बनची भर पडत असेल, तर वार्षिक सेवा फक्त ३,६७० रुपयांची. शंभर पटींचा फरक! पहिली रक्कम मासळी, रानभाजी, पर्यटन यांच्या वार्षिक रकमांशेजारी मांडून बेरीज केलीत की अख्खा तक्ता बाद. उलट बाजूनेही हेच होतं. वार्षिक सेवांचं वर्तमान मूल्य (पुढच्या सगळ्या वर्षांच्या रकमांची आजची एकत्रित किंमत) काढलंत की ती मालमत्तेची किंमत झाली, तिच्यात पुन्हा वार्षिक रक्कम मिळवायची नाही. शिवाय तेच झाड तोडून लाकूड म्हणून विकलं आणि उभं ठेवून कार्बनही धरला, असं दोन्ही होत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये स्वीकारलेली परिसंस्था-लेखांची चौकटही मालमत्तेचे आणि सेवांचे लेखे वेगळे ठेवते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून दोन वेगळी पानं उघडा. एवढं सांभाळलंत तर घाबरायचं कारण नाही, पुढचं गणित शाळेतलंच आहे.

वटाव दर, म्हणजे पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणताना वर्षाला किती टक्के घटवायच्या तो दर, मात्र एकच धरू नका. वर्षाला १ लाख असे २० वर्षांचे आजच्या किमतीत ४ टक्क्यांनी सुमारे १३.५९ लाख होतात आणि १२ टक्क्यांनी ७.४७ लाख. निदान तीन दरांनी उत्तर दाखवा.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलेले हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाखांचे दर (ते २०२२ मध्ये सुधारले) म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवणाऱ्याकडून घ्यायचं शुल्क. ‘जंगलाची किंमत’ म्हणून ते चिकटवणं हा आळस आहे.

येऊरला ०.१ हेक्टरचा चौरस आखा. मध्यबिंदूपासून चारही उपदिशांना २२.३६ मीटर गेलात की कोपरे मिळतात. उतारावर टेप आडवा, समपातळीत धरा, नाहीतर प्लॉट लहान पडतो. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. खाडीत हा नियम चालत नाही. कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडं. कांदळाचा घेर सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर घेतात, आणि तिवराला बुंध्यातून अनेक खोडं फुटलेली असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजतात.

खारफुटीचा मोठा कार्बन चिखलात असतो. अर्धगोल नळीचा ऑगर (चिखलात खुपसून नमुना काढायचं हत्यार) वापरा. साधा पाइप ठोकलात तर गाळ दबतो आणि खोली खोटी येते. ठरावीक घनफळाचा नमुना ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. घनता घन सेंटिमीटरला ०.८ ग्रॅम, खोली १०० सेंटिमीटर, कार्बन २ टक्के: गुणाकार १६०, तेच हेक्टरी टन. घनता मोजली नसेल तर टक्केवारीचा काडीचाही उपयोग नाही. शिंपल्यांचे तुकडे असलेला नमुना आम्लाने धुऊन घ्या, नाहीतर त्यातला चुनाही कार्बनमध्ये मोजला जातो.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे बूट चिखलाला लागलेत का ते बघा. बाकी दिवाळे किंवा वाशी गावातले कोळीदादा भरती-ओहोटीचं आणि निवट्या-चिंबोऱ्यांचं जे सांगतात ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यांच्या मासळीचा बाजारभाव थेट घेऊ नका. डिझेल, जाळं, बर्फ, मजुरी वजा करून उरेल तोच खाडीचा वाटा. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका जूनमध्ये शेवळं ही रानभाजी जुडीने विकतात. जुडी तराजूवर तोला, कारण तिचा आकार हंगामागणिक बदलतो, आणि त्यांचा तोडणीचा वेळही खर्चात धरा.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. दोन्हीकडे संशोधनाला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. विषय मंजूर झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि किती नमुने, कुठल्या खोलीपर्यंत, हे अर्जातच लिहा.