आवडीचा प्रकल्प अर्जात लिहिताना

अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करताना स्वतःच्या आवडीने केलेला प्रकल्प उपयोगी पडतो, पण कच्च्या मार्कांवर तो पांघरूण घालत नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) जास्तीत जास्त १० उपक्रम देता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० कॅरेक्टर, स्पेससकट. तिथे ‘समाजात जागृती केली’ असलं काही लिहू नका. काय बनवलं आणि ते कोण वापरतं, एवढंच सांगा. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे यांना वेगळे रकाने आहेत, ते वर्णनात पुन्हा नकोत. अर्जाच्या तोंडावर घाईने उभी केलेली ‘संस्था’ (चालवतात बहुधा आईवडीलच!) सहज ओळखू येते. त्यापेक्षा नववीपासून रडतखडत का होईना चालू असलेली पक्ष्यांची नोंदवही बरी. फसलेले प्रयोग मात्र अर्जातल्या निबंधासाठी राखून ठेवा. तिथे ६५० शब्दांपर्यंत जागा आहे.