जमीन घेण्याआधी सातबारा कसा वाचायचा

सातबारा हातात आला की लोक नाव बघतात, क्षेत्र बघतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. मी वकिलांना आणि बँकांना सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या कागदांचा शोध, काढून देते. माझी नजर आधी उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात जाते, कारण भानगड तिथे असते.

मुळात हा कागद मालकी ठरवायला बनलेला नाही. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जमिनीची पाहणी करून सारा बसवला, तेव्हा सारा कोणाकडून वसूल करायचा एवढंच सरकारला हवं होतं. आजचा अधिकार अभिलेख, म्हणजे सातबाऱ्यासारखं हक्काच्या नोंदींचं दप्तर, त्याच वाटेने आला. जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. म्हणजे मालकीची हमी सरकार देत नाही. ती तुम्ही गोळा करायची. वकील, मोजणी, हेलपाटे हा सगळा खर्च मग जमिनीच्या दरात उतरतो. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे दर वेगळा निघाला तर मातीआधी कागद तपासा.

दलालाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालवून घेऊ नका. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तो स्वतः काढा. वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. वर्ग 1 असेल, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन नसेल, तर पुढे चला. वर्ग 2 असेल, म्हणजे बंधन असेल, तर थांबा आणि जमीन कशामुळे वर्ग 2 झाली ते शोधा. वतनाची किंवा सरकारने वाटप केलेली असेल तर परवानगी आणि नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, मामला मोठा असतो, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. पण कुळकायद्याने मिळालेली असेल, म्हणजे इतर अधिकारात ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, तर घाबरायचं कारण नाही. कुळाला कलम 32 म चं, म्हणजे जमीन विकत मिळाल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनंतर विक्रीला पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या, म्हणजे उताऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरायची, आणि घेणारा शेतकरी हवा. आकार तीन रुपये असेल तर एकशेवीस रुपये! तेवढे कोणी भरत नाही, शेरा तसाच राहतो आणि त्या शेऱ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाईक दर पाडून मागतं.

आता नावं. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे. धाकट्या भावांचा हिस्सा त्यात असू शकतो, भले उताऱ्यावर त्यांचा मागमूस नसेल. त्याहून फसवी जागा म्हणजे बहिणी. जुन्या वारसनोंदींत भावांची नावं कब्जेदार म्हणून लावायची आणि बहिणींना इतर हक्कात ढकलायचं, ही सर्रास पद्धत होती. ‘त्यांचं नाव नुसतं लिहायला आहे हो,’ असं विकणारा हमखास सांगतो. ऐकू नका. एकतर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवायला सांगा, नाहीतर खरेदीखतावर बहिणींच्या सह्या घ्या.

प्रत्येक नावासमोर फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, नंबर असतो. तो नंबर म्हणजे नाव कसं आलं त्याची कहाणी, आणि सातबाऱ्यापेक्षा तीच जास्त वाचण्यासारखी. सगळ्यात अलीकडच्या नंबरापासून मागे मागे जायचं: खरेदी, वाटणी, वारस, बक्षीसपत्र. नुसत्या वर्दीवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताशिवाय तलाठ्याला कळवून, झालेली वाटणी दिसली तर खूण करून ठेवा. एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करताना, सर्व्हे नंबराचे गट झाले, तिथे साखळी तुटल्यासारखी वाटते. एकत्रीकरणाचा उतारा मागून जुना नंबर जुळवून घ्या. उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ असंही लिहिलेलं असतं. तिथे ‘नाही’ सोडून काहीही असेल तर तलाठ्याकडे जाऊन विचारा. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. महसूल दप्तराच्या जोडीला दुय्यम निबंधकाकडच्या सूची 2 चा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा, तीस वर्षांचा शोध घ्या, कारण गहाणखत किंवा साठेखत (विक्रीचा करार) सातबाऱ्यावर न येता तिथे पडून असू शकतं.

विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा तर जवळपास प्रत्येक उताऱ्यावर भेटतो. बरेचदा कर्ज फिटलेलं असतं, बोजा कमी करायला कोणी गेलेलं नसतं. सोसायटीचा दाखला मागा. बँकेचा पॅनेलवरचा वकील हेच बघून अभिप्राय देतो. असा कागद लटकत असेल तर सोन्यासारखी बागायतही तारणाला चालत नाही, मग माणूस गावातल्या सावकाराच्या दारात उभा राहतो.

क्षेत्राची खात्री मोजणीशिवाय होत नाही. भूमी अभिलेखकडे अर्ज विकणाऱ्याने करायचा.

इसार साध्या कागदावर देऊ नका. साठेखत नोंदवा आणि वारसनोंद व बोजा कमी केल्याचा फेरफार प्रमाणित झाल्यावर उरलेली रक्कम, असं त्यात लिहून घ्या. विकणारा कुरकुरेल, पण बोजा त्याचा आहे, तलाठी कार्यालयाच्या पायऱ्याही त्यानेच चढाव्यात.