नमुन्यांवरून स्टेट मशीन काढताय? या चुका टाळा

स्टेट मशीन म्हणजे ठरावीक अवस्था (स्टेट) आणि इनपुट आलं की एकीतून दुसरीत नेणारे बाण. उदाहरणाला चिकोडी-निपाणीकडं उसाच्या रानात असतो तसला मोटरीचा साधा स्टार्टर घ्या. ऑटो स्विच नाही, रिले (जादा करंट आला की ट्रिप होऊन मोटर बंद करणारा) हातानं रीसेट होणारा. इनपुट सहा: ह (हिरवं बटण), ल (लाल), ज (लाईट गेली), य (लाईट आली), ट (रिले ट्रिप), र (रिले रीसेट). सुरुवातीला लाईट आहे, मोटर बंद. इनपुटांची एक ओळ म्हणजे एक नमुना; शेवटी मोटर चालू असेल तर नमुना 'हो', नाहीतर 'नाही'.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे नुसते 'हो'चे नमुने गोळा करणं. आरपीएनआय (नमुन्यांवरून स्टेट मशीन काढणारा अल्गोरिदम) नमुन्यांचं झाड करतो आणि एखादा 'नाही' आडवा येईपर्यंत स्टेट मर्ज करत, म्हणजे दोनाची एक करत सुटतो. आडवं कुणीच नसेल तर अख्खं झाड एका स्टेटमध्ये कोसळतं. 'ह ल ह' एवढ्यावरून ते नुसत्या 'ल'लाही 'हो' म्हणतं. नुसत्या 'हो'वरून सगळ्या नियमित भाषा (स्टेट मशीन 'हो' म्हणते अशा ओळींचे संच) ओळखता येत नाहीत, हे गोल्डनं 1967 सालीच दाखवलंय.

'नाही'सुद्धा निवडून घ्या. 'ह ज' आणि 'ह ट' या दोन्हींनंतर मोटर बंद, हिरवं दाबलं तरी उठत नाही. स्टेट एकच वाटते. पुढं 'र ह' जोडा: ट्रिप झालेली उठते, लाईट गेलेली उठत नाही. 'ह ट ज' तर तिसरीच, कारण लाईट परत आली तरी रिले ट्रिपच राहतो. मोटर चालू आणि नुसती बंद या दोन धरून एकूण स्टेट पाच. ही पाचवी बहुतेकांची सुटते.

मर्ज केल्यावर एकाच इनपुटचे दोन बाण निघाले, तर त्यांची टोकंही मर्ज करावी लागतात, थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत. वाटेत 'हो' आणि 'नाही' एकत्र आले, तर सगळं मर्ज मागं घ्या. अर्धवट मागं घेणं हा कोडमधला नेहमीचा बग. आधीची प्रत ठेवून मगच मर्ज करा.

अँग्लुइनच्या एल-स्टारनं (1987; स्वतः प्रश्न विचारून मशीन शिकायची पद्धत) खऱ्या पॅनेललाच प्रश्न विचारणार असाल, तर वायरमनकडून मोटरीच्या लीड सोडवून घ्या आणि नुसता कॉन्टॅक्टर (मोटरीची लाईट जोडणारा-तोडणारा स्विच) बघा. सारखं चालू-बंद केलं तर वाइंडिंग तापतं. प्रत्येक प्रश्न त्याच मूळ स्थितीतून सुरू करा, रिले रीसेट केलाय ना ते बघा. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली, तर बहुधा कुठंतरी डिले टायमर लपलाय. मग इनपुटमधलं अंतर ठरावीक ठेवा, नाहीतर 'टायमर संपला' हे सातवं इनपुट धरा.