व्हेल शार्कसोबत स्नॉर्कलिंग: मालदीवच्या बोटीत बसण्याआधी या चुका टाळा

मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे कड्यासारखा पसरलेला प्रवाळबेटांचा समूह) व्हेल शार्क वर्षभर दिसतात. अशा जागा जगात फार थोड्या आहेत. बाकी ठिकाणी हंगाम गाठावा लागतो: ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला साधारण मार्च ते जुलै, मेक्सिकोत इस्ला मुहेरेसजवळ मे ते सप्टेंबर, टांझानियाच्या माफिया बेटाला ऑक्टोबर ते मार्च. मुंबईहून मालेला थेट विमान आहे आणि व्हिसा तिथे पोहोचल्यावर मिळतो. त्यामुळे धिगुरा, धंगेती, मामिगिली या बेटांवरच्या साध्या गेस्टहाऊसमध्ये हल्ली मराठी बोलणं कानावर पडतं.

परत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: ‘आम्ही पाण्यात उतरेपर्यंत तो गेलासुद्धा.’ यात नशिबाचा भाग असतोच, पण आपली घाई आणि अपुरी तयारी यांचा वाटा त्याहून मोठा असतो. त्या चुका घरूनच टाळता येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सहलीसाठी एकच दिवस, तोही शेवटचा

व्हेल शार्क वर्षभर दिसतात म्हणजे रोज दिसतात असं नाही. बोट सकाळी निघते आणि अटॉलच्या दक्षिणेकडच्या बाहेरच्या कडेने फिरत राहते. बोटीवरची माणसं छतावर उभी राहून पाण्यातली काळी सावली शोधतात. कधी तासाभरात दिसतो, कधी दुपारपर्यंत काहीच नाही. चार-पाच दिवस मुक्काम असेल तर ही सहल दुसऱ्या दिवशीच ठेवा, म्हणजे पहिला फेरा हुकला तरी आणखी एक करता येतो. शुक्रवारी बेटांमधल्या सरकारी फेरीबोटी बंद किंवा कमी असू शकतात, तेव्हा येण्याजाण्याचे दिवस त्या हिशोबाने ठरवा.

मालेत राहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत तर मुळीच करू नका. स्पीडबोटने जायला सुमारे दोन तास, यायला तेवढेच, आणि समुद्र खवळलेला असेल तर पाण्यात उतरायच्या आधीच माणूस गळून जातो.

मनातला आकारही आधीच नीट करून घ्या. हा जगातला सर्वांत मोठा मासा, १८ मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. पण दक्षिण आरीत दिसतात ते बहुतांश वयात न आलेले नर, साधारण चार ते आठ मीटरचे. सहा मीटरचा जीव बाजूने शांतपणे निघून जातो तेव्हा तो लहान वाटत नाही, एवढं नक्की सांगतो.

‘आम्ही मालवणला केलंय की!’

सगळ्यांत जास्त गडबड या एका वाक्याने होते, म्हणून इथे थोडा थांबतो.

मालवण-तारकर्लीला बोट नांगरलेली असते, पाणी उथळ असतं, तुम्ही रिंगला धरून असता आणि स्थानिक मुलगा तुमचा हात सोडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली डोकावायला ती फार छान सोय आहे. आरीत यातलं काहीच नसतं. बोट चालू असते, खाली प्रवाळाची कडा निळ्या काळोखात उतरलेली असते, प्रवाह असतो आणि गाइडने इशारा केला की काही सेकंदांत पाण्यात उतरायचं असतं. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) मारत राहायचं. शार्क आरामात चाललेला दिसतो, पण त्याची आरामाची चालही आपल्याला धाप लावते.

म्हणून निघण्याआधी महिनाभर जवळच्या पोहण्याच्या तलावावर जा. मास्क, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन्स लावून, तोंड पाण्यात ठेवून, न थांबता दोनशे मीटर जाता आलं पाहिजे. ते जमलं की श्वासाची लय बसते. फिन्स मारताना पाय गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे नाही, मांडीपासून सरळ हलले पाहिजेत. पोटरीत गोळे येण्याचं मुख्य कारण हीच चुकीची लाथ. गोळा आलाच तर पाठीवर पडा, फिनचं टोक हाताने धरून आपल्याकडे ओढा आणि पाय सरळ करा. अर्ध्या मिनिटात सुटतो.

पोहता येत नसेल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा नाही, पण जाडजूड जॅकेट उपडं होऊ देत नाही आणि मान अवघडते. त्याऐवजी फुगवायचं स्नॉर्कलिंग जॅकेट आहे का, किंवा रिंग घेऊन एक गाइड फक्त तुमच्यासोबत राहील का, हे विचारा. ‘हो हो, होईल’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर सहल नेणारा दुसरा कुणी बघा. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आईवडिलांना हौसेने नेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. स्नॉर्कलिंग करताना पर्यटक दगावल्याच्या घटना मालदीवमध्ये घडलेल्या आहेत आणि उघड्या समुद्रातली दमछाक किनाऱ्यावरून कळत नाही.

मास्कची रड

मास्क विकत घेताना किंवा भाड्याने निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट रबराची कड मुडपून वाढते. मिशी असेल तर नाकाच्या अगदी खालचा भाग कातरून घ्या. बायकांनी केसांची सैल बट कडेखाली अडकली नाही ना हे बघा, आणि वेणी किंवा अंबाडा मानेजवळ खाली बांधा म्हणजे पट्टा नीट बसतो.

काचेवर धुकं धरतं त्याची दोन कारणं असतात. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. तो घरीच साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा. दुसरं, उतरण्याआधी काचेला आतून बेबी शाम्पूचा थेंब किंवा थुंकी चोळून हलकं खंगाळा. त्यानंतर मास्क कपाळावर चढवून ठेवायचा नाही, घामाच्या वाफेने सगळं फुकट जातं, गळ्यात ठेवा.

चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारावं. रोज फेकायच्या लेन्स चालतात, मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटून घ्यायचे इतकंच. चेहराभर बसणारे फुल-फेस मास्क मात्र या सहलीला नेऊ नका. धाप लागल्यावर त्यात श्वास कोंडल्यासारखा होतो, पाणी शिरलं तर चटकन काढता येत नाही, आणि इथे तर दमछाक होणारच आहे.

बोट लागणे

गाडी लागणाऱ्यांना बोट लागतेच, हे गृहीत धरा. शार्क शोधताना बोट संथ वेगाने लाटांवर आडवी डोलत राहते आणि तेच पोटाला सोसत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून समुद्रात जायच्या आदल्या दिवशी एकदा घेऊन बघा. उपाशी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका. मागच्या बाजूला डिझेलचा धूर येतो, तिथे बसू नका. नजर क्षितिजावर, मोबाइल पिशवीत, तोंडात आल्याची वडी. बऱ्याच जणांना पाण्यात उतरल्यावर लगेच बरं वाटतं.

धबाधब उड्या आणि मागून पाठलाग

गाइडचा इशारा आला की निम्मी बोट ओरडत पाण्यात पडते. मास्क सुटतो, स्नॉर्कल भरतं, सावरून बघेपर्यंत शार्क पुढे किंवा खाली गेलेला असतो. त्याला खाली जायला काहीच लागत नाही. १,९०० मीटरपेक्षा खोल गेल्याच्या नोंदी या माशाच्या नावावर आहेत. खोल, थंड पाण्यातून आल्यावर अंग गरम करायला तो वर रेंगाळत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्याला भेटतो तेव्हा तो बहुधा विसाव्याला आलेला असतो, आणि हे लक्षात असलं की पाण्यात आपोआप हळू व्हायला होतं.

बोट जवळ येताना फिन्स आणि मास्क लावून कडेला बसून राहा. इशारा झाला की एका हाताने मास्क धरून अलगद घसरा. उतरताच डोकं वर काढून शोधत बसू नका, लगेच तोंड पाण्यात घाला आणि गाइडच्या हाताची दिशा बघा. फिन्स पाण्याखालीच राहू द्या, हात अंगालगत.

तिथला नियम आहे: धडापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर. जागा कायम बाजूची, डोक्याच्या थोडी मागे. समोरून आडवं गेलात तर तो वळतो किंवा बुडी मारतो, आणि तुमच्या मागे असलेल्या सगळ्यांची भेट तिथेच संपते. शेपटीमागे धावलात तर तुम्ही दमता आणि हाती काही लागत नाही. वरून सूर मारून त्याच्या पाठीशी जाणं हाही त्रासच. हात तर लावायचाच नाही, फ्लॅश मारायचा नाही. त्याचे दात अगदी बारीक, खाणं प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं) आणि छोट्या माशांचं, तेव्हा तो तुम्हाला चावणार नाही. शेपटीचा फटका मात्र खरा लागतो, आणि कातडी खरखरीत असते.

मागे पडलात तर पडू द्या. थांबा, श्वास सावरा, गाइडकडे बघा. शार्कला त्रास झाला नाही तर तो पुष्कळदा कडेने फिरून परत येतो, आणि शांत राहिलेल्या माणसाला तो जास्त वेळ दिसतो.

बोटीच्या पंख्याचा विसर

एका शार्कभोवती चार-पाच बोटी जमू शकतात. अशा वेळी पाण्यातल्या माणसाचं सगळं लक्ष खाली असतं, आणि खरा धोका, म्हणजे बोटीचा पंखा (प्रोपेलर), वर फिरत असतो. दर थोड्या वेळाने डोकं वर काढून आपली बोट कुठे, दुसऱ्या कुठे, हे बघा. भडक रंगाचा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) घाला. तो उन्हापासून वाचवतो आणि लांबून दिसतोही. घोळका सोडून एकटं जाऊ नका. शिडीकडे कॅप्टनने हात केल्यावरच जायचं, आणि शिडी धरल्यावरच फिन्स काढायच्या.

हाच पंखा शार्कलाही लागतो. दक्षिण आरीतल्या अनेक व्हेल शार्कच्या अंगावर, कल्ल्यांवर बोटींनी झालेल्या जखमांचे वण आहेत. मालदीवने १९९५ मध्ये त्यांची शिकार बंद केली आणि २००९ मध्ये हा ४२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी संरक्षित क्षेत्र केला. तिथे बोटीचा वेग जास्तीत जास्त दहा नॉट (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) ठेवायचा असतो. तुमचा कॅप्टन दुसऱ्या बोटीच्या आधी पोहोचायला सुसाट निघाला तर त्याला सांगा. पैसे भरलेल्या पाहुण्याचं म्हणणं तो ऐकतो. गप्प बसलात तर उद्याचा कॅप्टनही तेच करणार.

‘हमखास दिसेल’ याला भुलणे

फिलिपाइन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्क रोज सकाळी ठरल्या जागी दिसतात, कारण होड्यांमधून त्यांना कोळंबीसारखं बारीक खाणं टाकलं जातं. फोटो सुरेख येतात. पण त्यामुळे हे मासे होड्यांना चिकटून राहायला शिकतात, त्यांना घासून जखमा होतात, फिरस्तीचा मासा एका जागी अडकतो. मी तिथे जाऊ नका असंच सांगेन. त्याच देशात दोन्सोलला खाणं न टाकता, बोटीतून शोधत जाणाऱ्या सहली आहेत.

आपल्या शेजारी सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, हाच मासा २००१ पर्यंत तेलासाठी आणि मांसासाठी मारला जात होता. त्या वर्षी तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, आणि पुढे तिथल्या मच्छीमारांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्रातही अशा संरक्षित जीवासाठी जाळं कापणाऱ्याला शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. हातावर पोट असलेला मच्छीमार जाळं कापतो, तर सहलीला गेलेल्या आपल्याला तीन मीटर अंतर जड जाऊ नये.

फोटोच्या नादात

सेल्फी स्टिक बोटीतच ठेवा. ती पुढे करताना अंतर मोडतं. कॅमेऱ्याचं झाकण दमट हवेत उघडलं तर आत धुकं धरतं, म्हणून बॅटरी आणि कार्ड खोलीवरच बदलून घ्या. मनगटाला दोरी हवीच. अंगठ्या, मंगळसूत्र, बांगड्या खोलीत. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली कळत नाही. पहिला एक मिनिट कॅमेरा लावूच नका, नुसतं बघा.

मग एक फोटो मात्र जरूर काढा: डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या लगेच मागचा, बाजूच्या पराच्या वरचा भाग. तिथली ठिपक्यांची मांडणी प्रत्येक शार्कची वेगळी असते. आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनवलेली गणिती पद्धत वापरून ती ओळखतात. मालदीव व्हेल शार्क रिसर्च प्रोग्रॅम ही संस्था २००६ पासून असे फोटो जमवते आणि पर्यटकांचेही घेते. फोटो न कापता, रंग न बदलता, तारीख, वेळ आणि जागा लिहून पाठवा. जागेचं नाव माहीत नसेल तर उतरण्याआधी गाइडला विचारून मोबाइलमध्ये टिपून ठेवा, संध्याकाळपर्यंत ते आठवत नाही.